पकडवाली काकी

मी आणि माझी बायको वत्सला, आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते मटर सोलायचं. तिच्या भावानं सिहोऱ्याहून बसच्या टपावर पोतं चढवून पाठवलं होतं. दरवर्षी पाठवतो. ओट्यावर चांगलं ऊन होतं. वत्सलानं साडीवर माझा कारखान्यातला जुना स्वेटर घातला होता, कोपरावर भोक पडलेला. नवा आणून दिला तर म्हणे, तो पाहुण्यांकडे जायला. पाहुण्यांकडे गेली तरी हाच घालून जायची.

"अहो, सोलून राहिले का खाऊन राहिले?"

"दोन्ही."

"मग पोह्यात काय टाकू, सालपटं?"

मध्ये आमचा नातू ओम बसला होता. पाच वर्षांचा आहे, बोलत नाही. तो एकेक दाणा घ्यायचा आणि ओट्याच्या कडेला रांगेत ठेवायचा. रांग पार पायरीपर्यंत गेली होती. वत्सलाला रस्त्यावर कोथिंबीरवाल्याकडे जायचं होतं. तिचे गुडघे दुखायचे, पण रांग मोडायला नको म्हणून ती मागच्या दारानं निघाली, शेजारच्या तिवारीन भाभीच्या घराला वळसा घालून आली, कोथिंबीर घेतली आणि त्याच वळशानं परत आली. तोपर्यंत कोथिंबीरवाला पुढं जाऊन पुन्हा मागं आला होता, पैसे घ्यायचे राहिले म्हणून. ती हसून हसून बेजार.

मग बसली आणि म्हणाली, "उद्या तुम्ही पण चला. जुईले टोचून आणायचं आहे." जुई म्हणजे ओमची धाकटी बहीण, आणि टोचणं म्हणजे लस, इकडं हिंदीत टीका म्हणतात.

"मी नाही येत. तुला माहीत आहे."

"दवाखान्याच्या फाटकापर्यंत चला. आत आले आन पडले, तर मी पोरीले धरू का तुम्हाले?"

स्वतःच्या विनोदावर सगळ्यांत आधी तीच हसायची. त्या दिवशी तर फारच खुशीत होती. त्याचं कारण पुढं सांगतो.

जेवली, स्वेटरासकट आडवी झाली आणि चहाला उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. मेली कशी हे येणारा जाणारा विचारतो. जगत कशी होती हे कोणी विचारत नाही. म्हणून मी लिहायला बसलो. माझं शिक्षण चौथीपर्यंत आहे. चुकलं तर चुकलं.

आमची गल्ली जबलपूरला, अधारतालच्या बाजूला. मी रिछाईला एका छोट्या कारखान्यात फिटर होतो. लोखंड कापणं, घासणं, बसवणं, यात जन्म गेला. अंगठा मशीनमध्ये गेला तेव्हा मी स्वतः फडकं बांधून सायकलवर दवाखान्यात गेलो. पण सुई पाहिली की माझे पाय जातात. काहून ते मला माहीत नाही. आमचा प्रकाश तान्हा होता, तेव्हा आम्ही दोघं त्याला टोचायला घेऊन गेलो. नर्सनं सुई भरली, मी पाहिली, आणि मग मला दिसलं ते छत. वत्सला पोराला मांडीत धरून बसली होती आणि दुसऱ्या हातानं माझ्या तोंडावर पाणी मारून राहिली होती. नर्स म्हणाली, "बाई, इनको भी टीका लगाना है क्या?" वत्सला म्हणाली, "लगा दो, बड़ा वाला."

ही गोष्ट तिनं गल्लीत सगळ्यांना सांगितली. सांगताना मला पडूनही दाखवायची, म्हणजे स्वतः भिंतीला टेकून खाली घसरायची. त्या एका गोष्टीनं तिला कामाला लावलं. बऱ्याच वर्षांनी शेजारच्या तिवारीन भाभीनं ऐकलं आणि म्हणाली, "चाची, हमारे ये भी ऐसे ही हैं. आप चलो ना, पकड़ लेना." ती गेली. मग दुसरी आली. मग गल्लीत कोणाचंही लेकरू टोचायचं असलं की वत्सलाला हाक. हिंदीवाले तिला पकड़ने वाली चाची म्हणायचे, आपल्याकडचे पकडवाली काकी. तिचं खरं नाव अर्ध्या गल्लीला आत्ता कळलं, गेली तेव्हा.

धरायची तिची पद्धत होती. लेकरू आईच्याच मांडीवर. आईनं छातीशी घ्यायचं, तोंड बाहेर. ही समोर उकिडवी बसायची. एक हात लेकराच्या कोपराखाली, दुसरा दोन्ही गुडघ्यांवर. आवळायचं नाही, नुसता हात ठेवायचा, पण हलला नाही पाहिजे. आणि लेकराच्या डोळ्यांत पाहून एकदम चढ्या आवाजात म्हणायची, "बोल, कोणाले मारू? सुईले मारू का दीदीले मारू?" दीदी म्हणजे सुई देणारी नर्स. वत्सलाला हळू बोलता यायचंच नाही. लेकरू तिच्या तोंडाकडे पाहत राहायचं आणि तेवढ्यात काम व्हायचं. मग ते रडायचं. आणि लेकरापेक्षा जास्त त्याची आई रडायची.

बाहेर आलं की कोपऱ्यावर खोव्याची जलेबी मिळते, काळी, जाड. वत्सला एक घ्यायची. अर्धी आईला, अर्धी स्वतः. मी म्हणायचो, तू जलेबीसाठीच जातेस. ती म्हणायची, "लेकरू विसरून जाते. त्याच्या आईच्या पोटात गोळा राहते, त्याच्यावर गोड लागते."

"आणि तुझ्या पोटात काय राहते?"

"धरणाऱ्याच्या बी पोटात राहते. तुम्हाले काय समजते, तुम्ही तर पडले राहता."

घरात तिनं सगळ्याला नावं ठेवलेली. आमच्या कूलरला ती जावई म्हणायची. आम्हाला पोरगी नाही. "काहून की," ती सांगायची, "उन्हाळ्यात येते, दिवसभर पाणी पिते, आवाज करते, आन कामाच्या वेळेले लाइट गेली म्हणून बसते." भाजीवाल्यानं भाव सांगितला की ती बहिरी व्हायची. कमी केला की लगेच ऐकू यायचं. पुरणपोळी तिला शेवटपर्यंत जमली नाही. फुटायचीच. ती म्हणायची, आमच्या घराण्यात अशीच करतात.

प्रकाशचं लग्न झालं. सून पल्लवी आपलीच, मराठी, पण जबलपूरलाच वाढलेली. मराठी समजते, बोलते हिंदी. वत्सला मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं मस्त चालायचं. ओम झाला. वर्षाचा झाला तेव्हा संक्रांतीला बोरनहाण केलं. गल्लीतल्या हिंदीवाल्या बायांना हे नवीन. लेकराला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या. बाकीची पोरं लुटायला तुटून पडतात. पडलीच. ओरडा, धक्काबुक्की, तिवारीन भाभीचा गोलू तर पाटावरच चढला. आणि ओम काय करून राहिला होता? शांत बसून एकेक बोर उचलून पाटाच्या कडेला रांगेत लावून राहिला होता. सगळ्या बाया हाका मारताहेत, ओम, ओम, इकडे पाहा. तो पाहीना. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, हा कारखान्यात स्टोअरकीपर होणार. पल्लवीच्या आईनं दृष्ट काढली, इतकं शहाणं लेकरू म्हणून.

पुढं होळी झाल्यावर त्याला टोचलं. धरायला अर्थात त्याची आजीच.

त्या उन्हाळ्यात तो 'बा' म्हणायचा बंद झाला. पाणी पाहिजे असलं की 'बा' म्हणायचा, तेवढाच एक शब्द. तोही गेला. हाक मारली तर पाहायचा नाही, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून भिंतीला डोकं आपटायचा. दवाखाने झाले. शेवटी मुलांच्या एका डॉक्टरीणबाईनं सांगितलं, ऑटिझम आहे. आम्ही तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

वत्सलानं काय केलं, तर कुकर उचलला आणि तिवारीन भाभीकडं नेऊन ठेवला. रोज डाळ-तांदूळ भिजवून तिकडं घेऊन जायची, तिकडं शिट्ट्या करायची आणि फडक्यात धरून गरम कुकर घेऊन यायची. गल्लीतले लोक तिला पाहून घड्याळ लावायचे. कोणी विचारलं तर सांगायची, "आमच्या साहेबांले शिट्टी आवडत नाही." साहेब म्हणजे ओम. त्याच्याजवळ बसून तीही रांगा लावायची. तो तिची रांग मोडून पुन्हा नीट लावायचा. ती म्हणायची, "पहा, माझ्या हातचं काहीच पसंत नाही, अगदी आजोबावर गेला."

पण पल्लवीच्या मनात दुसरंच शिजत होतं. मोबाइलवर कोणी कोणी व्हिडिओ पाठवायचे. एक बाई रडत सांगते, माझं लेकरू चांगलं होतं, टीका लागला आणि असं झालं. पल्लवी ते पुन्हा पुन्हा पाहायची. तिला दोष देत नाही. आईला कारण पाहिजे असतं. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात ती सासूला म्हणाली, "आपने ही तो पकड़ा था उसको. वो चिल्ला रहा था, आई, और आपने छोड़ा नहीं."

वत्सला पोळी लाटत होती, लाटत राहिली. मग बाहेर ओट्यावर येऊन माझ्याजवळ बसली.

"चिल्लावत तर होता," ती म्हणाली. "मी सोडलं नाही, हे खरं आहे."

"मग? सगळ्यांचीच चिल्लावतात."

"हाव."

त्यानंतर गल्लीतून कोणी बोलवायला आलं की मनगट दुखते म्हणायची. त्याच मनगटानं कुकर उचलून आणायची. बाया काय ते समजल्या, विचारायच्या बंद झाल्या. मी तिला पुष्कळ बोललो. मला गोड बोलता येत नाही. म्हणालो, तू काय स्वतःला डॉक्टर समजतेस? तू नसतं धरलं तर दुसरीनं धरलं असतं. ती म्हणाली, "मग दुसरीच्या पोटात गोळा राहिला असता."

मग जुई झाली. गोरी, जाडी, सारखी हसणारी. पल्लवीनं पहिली टोचणी कशी तरी करून आणली, प्रकाशला घेऊन. पण गोवराची आली तेव्हा अडली. ओमच्या वेळी हीच होती, तिच्या डोक्यात हीच बसली होती. प्रकाशला विचारलं तर तो म्हणे, तू म्हणशील तसं. हे काही उत्तर झालं? मी त्याला म्हणालो, "बाप आहेस का भाडेकरू?" तो म्हणाला, "बाबा, मला पण भीती वाटते." ते मात्र खरं बोलला. दोघं नवरा-बायको एकेक आठवडा ढकलत गेले. एक म्हणे लावू, तर दुसऱ्याला रात्रभर झोप नाही. दुसरा म्हणे लावू, तर पहिली रडते.

दिवाळीनंतर गोलूच्या लहान भावाला गोवर निघाला. तिवारीन भाभीनं दाराला कडुनिंब बांधला, घरात फोडणी बंद, गोवर म्हणजे माता आली म्हणून. आमचा कुकरही परत आला. वत्सला रोज जाऊन पाहून यायची. एक दिवस तिथूनच तिचा आवाज आमच्या घरात ऐकू आला. "माता आहे तर राहू दे, मी तिले हात जोडते. पण लेकराची छाती पाह कशी चालून राहिली! दवाखान्यात ने. माता कुठं दवाखान्यात येत नाही का?" नेलं. न्यूमोनिया निघाला. पोरगं वाचलं, पण परत आलं तेव्हा सावलीसारखं. पल्लवी जुईला कडेवर घेऊन आमच्या दारातून पाहत उभी राहिली. आत आली आणि सासूला म्हणाली, "आई, मैं क्या करूं?"

मला वाटलं आता ही सांगणार, लाव म्हणून. वत्सला म्हणाली, "मले माहीत नाही वं. मी कुठं शिकली आहे? जिले माहीत आहे तिले विचारू. मले बी एक विचारायचं आहे."

जुईसकट तिघी गेल्या त्या डॉक्टरीणबाईकडं, मी ओमला धरून बाहेरच्या बाकावर. दार अर्धं उघडं होतं आणि आमच्या बायकोमुळं सगळेच मोठ्यानं बोलतात. डॉक्टरीणबाई म्हणाली, "टीके से ऑटिझम नहीं होता. बहुत देशों में, बहुत बच्चों को देखकर ये बात बार-बार परखी गई है."

पल्लवी म्हणाली, "तो फिर टीके के बाद ही क्यों हुआ?"

"क्योंकि जिस उमर में ये टीका लगता है, उसी उमर में ये लक्षण दिखने लगते हैं. कुछ बच्चे एक-दो शब्द बोलकर छोड़ भी देते हैं. टीका न लगा होता, तो भी यही होता. अच्छा, उससे पहले नाम पुकारने पर देखता था?"

"हां, देखता था," पल्लवी म्हणाली.

"नाही वं बाई," वत्सलाचा आवाज आला, पहिल्यांदाच हळू. "नव्हता पाहत. बोरनहाण आठव. साऱ्या गल्लीनं हाका मारल्या. त्यानं बोरं लावली. आपण टाळ्या वाजवल्या."

मलाही पाटाच्या कडेची ती रांग दिसली. तेव्हा टोचायला पुष्कळ अवकाश होता.

मग वत्सला म्हणाली, "डॉक्टरीणबाई, म्हणजे मी धरलं म्हणून नाही ना?"

"नहीं, अम्मा."

"चिल्लावत होता, तरी सोडलं नाही. तरी नाही?"

"तब भी नहीं. आपने तो अच्छा किया."

ती बाहेर आली, ओमच्या बाजूला बसली आणि पदरानं नाक पुसलं. मला म्हणाली, "काय पाहून राहिले? सर्दी झाली." सून मागं उभी होती, खाली मान घालून. वत्सला तिच्याकडं न पाहताच बोलली. "पल्लवी, तुले एक सांगते, राग येईल तर येऊ दे. सुई नसती तर दुसरा ओम झाला असता, असं तू रोज मनात धरून बसते. तो दुसरा ओम कुठं आहे? आहे तो हा आहे. ह्याच्याकडे पाह." जुईचं काय, ते पल्लवीनं सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "सोचती हूं, आई."

काही दिवस तसेच गेले. वत्सलानं एकदाही विचारलं नाही. मला मात्र रोज विचारायची, काही म्हणाली का ती? मी म्हणायचो, तुझ्यासमोर बसली आहे, विचार ना. "मी नाही विचारत. तिची पोरगी आहे."

आणि मटरच्या त्या दिवशी सकाळी पल्लवी जुईला मालिश करताना म्हणाली, "आई, कल चलते हैं. लेकिन आप पकड़ोगी, तो ही."

म्हणून ती इतकी खुशीत होती. दिवसभर सगळ्यांना सांगत सुटली, कोथिंबीरवाल्यालासुद्धा. आणि मटर सोलता सोलता मला म्हणाली, "उद्याचं टळू देऊ नका हं, कोणी पाहुणा आला, काही झालं तरी. मन परत फिरते."

संध्याकाळी तिला आम्ही नर्मदेच्या ग्वारीघाटावर नेलं. प्रकाशनं अग्नी दिला. पोहे झाले नाहीत. मटरची परात स्वयंपाकघरात तशीच झाकलेली राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. सिहोऱ्याचा भाऊ, माझी वहिनी, गल्लीतल्या बाया. मी ओट्यावर बसलो होतो. तिचं बोलणं डोक्यातून जाईना, पण सुनेला काय म्हणणार? आजच्या दिवशी कोणत्या तोंडानं म्हणणार? तेवढ्यात पल्लवी दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, कडेवर जुई, तिला टोपी-स्वेटर घातलेला.

"बाबा, चलेंगे?"

वहिनी आतून ओरडली, "अगं, सुतक आहे! घरात माणसं आहेत. पुढच्या वेळी न्या."

मी म्हणालो, "वहिनी, गोवराला सुतक माहीत नाही." आणि चपला घातल्या. ओम पायरीवर होता. रांग त्यानं पुन्हा लावली होती, त्याच सुकलेल्या दाण्यांची. मी मागच्या दारानं, तिवारीन भाभीच्या घराला वळसा घालून रस्त्यावर आलो. पल्लवी माझ्या मागं.

दवाखान्यातली दीदी पाहून म्हणाली, "आज चाची आने वाली थीं ना?" मी म्हणालो, "आज मी धरतो."

पल्लवी बसली, जुईला छातीशी घेतली, तोंड बाहेर. मी समोर उकिडवा बसलो. एक हात कोपराखाली, एक गुडघ्यांवर. आवळायचं नाही. दीदी सुई भरून राहिली होती, ते मला कानांनी समजलं. मी तिकडं पाहिलंच नाही. जुईच्या डोळ्यांत पाहिलं आणि जेवढा निघाला तेवढ्या आवाजात म्हणालो, "बोल, कोणाले मारू? सुईले मारू का दीदीले मारू?"

ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. मग रडली. मी पडलो नाही. हातही हलला नाही.

बाहेर आलो. थोडा वेळ तिथंच बसवतात, तसे बसलो. मग कोपऱ्यावर मी एक जलेबी घेतली, कागदात. पल्लवी म्हणाली, "बाबा, आज मीठा?"

"खाय."

तिनं अर्धी तोडली. जुई तिच्या खांद्यावर हुंदके देता देता झोपली होती. उरलेली अर्धी पल्लवीनं माझ्यासमोर धरली. "धरलं ना तुम्ही," ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

पोटात गोळा होताच. मी घेतली आणि तिथं रस्त्यात उभ्यानंच खाल्ली.